ममताच्या छातीवर बसलेली नसाब

सकाळी सेवादास कारभारी अंगणाच्या तोंडाशी येऊन नुसताच खोकत उभा राहिला, तेव्हा धनीबाई तुरी पाखडत होती. रोज हक्कानं आत येऊन चहा मागणारा माणूस दाराशी खोकायला लागला, की तोंडात काहीतरी घाण घेऊन आलाय हे समजावं. धनीबाईनं सूप काही थांबवलं नाही.

"खोकून झालं असंल तं बोल."

"भोजाई, आज दुपारी नसाब बसून राह्यली. नायकानं निरोप देला, तुमच्या घरच्यायनं हजर राहाचं."

नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढच्या ओट्यावर मधे नायक बसतो, बाजूला कारभारी, भोवती तांड्यातले सगळे बापे. बायांनी मागं उभं राहून ऐकावं आणि घरी जाऊन चुली पेटवाव्या. फुलसावंगीच्या बाजूच्या या तांड्यात पोलीस ठाण्याच्या आधी नसाब आणि कोर्टाच्याही आधी नसाब. कोणी कोणाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला, कोणाची गाय कोणाच्या हरभऱ्यात शिरली, कोणाची सोयरीक कशापायी मोडली, सगळं तिथं. त्यात धनीबाईला आजवर वावगं काही वाटलं नव्हतं. तिचा नवरा जिवंत होता तोवर तोच नायक होता, आणि दुपारी काय निकाल द्यायचा ते सकाळी तिच्या चुलीपाशी ठरत असे. नवरा गेला, पागोटं धाकट्या दिराच्या, उत्तमसिंगच्या डोक्यावर गेलं, आणि तेव्हापासून नसाबीची अक्कल थोडी उतरली, एवढंच तिचं मत होतं.

"कोणाचा विषय हाय?"

सेवादासनं टोपी काढली, पुन्हा घातली. "ममताचा."

"माया सुनेनं कोणाचा धुरा कोरला?"

"तसं नाई वो. ते तिचं दुसरं ऑपरेशन झालं ना यवतमाळले. ते ठरावात बसते का नाई, ते पाहाचं हाय. इंद्रजित सरनं विषय टाकला."

आता मात्र सूप थांबलं.

"म्हणजे माया सुनेच्या छातीवर साऱ्या तांड्याचे बापे बसून बोलणार?"

"मी तं निरोप्या हाय, भोजाई."

"निरोप्या हायस तं माया बी निरोप घेऊन जाय. सांग, धनीबाई येऊन राह्यली. अन् चहासाठी घुटमळू नको. आज या घरी तुले चहा नाई."

सेवादास मान खाली घालून गेला. आत ममता भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, कारण थापण्याचा आवाज मघाच बंद पडला होता आणि तव्यावरची भाकरी करपल्याचा वास अंगणात आला होता.

मागच्या वर्षी कापूस वेचताना ममताचा हात छातीला लागला आणि डाव्या बाजूला गाठ सापडली. तांड्यातले लोक 'ते दुखणं', 'मोठा आजार' म्हणत राहिले. कॅन्सर हा शब्द तोंडावर घेतला तो एकट्या धनीबाईनं. डावं थान काढलं. मग औषधांच्या सुया झाल्या, केस गेले, उलट्यांनी पोरगी चिपाडासारखी झाली. तेव्हा तांडा चांगला वागला. कोणी बैलांना पाणी दाखवलं, कोणी लेकरांना जेवू घातलं, हाच इंद्रजित एकदा स्वतःच्या गाडीत घालून तिला यवतमाळला घेऊन गेला. मरायला टेकलेल्या बाईशी चांगलं वागायला कोणाच्या बापाचं काय जातं! खरी पंचाईत झाली ती ममता वाचली तेव्हा.

केस परत आले, तपासण्या साफ निघाल्या, पण ममता सरळ उभी राहीना. डावा खांदा पुढं पाडून चालायची, ओढणीचे दोन पदर छातीवर ओढायची. धनीबाईला ते बघवेना. ती अजून जुन्या वळणाची, फेटियाचा घागरा घालणारी आणि आरशांची कांचळी, म्हणजे चोळी, लेणारी. तरण्या पोरी साड्या नेसतात, पण लग्नकार्यात कांचळीच लागते. तिनं सुनेच्या कांचळीत डाव्या बाजूला घरच्या कापसाची गादी शिवून दिली. एका लग्नात वाढता वाढता ती गादी सरकून काखेत गेली, आणि ममता हातातलं वरणाचं भांडं तिथंच ठेवून जी निघाली ती थेट घरी. न्हाणीत आंघोळीला बसली की ती भिंतीकडे बघते, स्वतःच्या अंगाकडे बघत नाही, हे धनीबाईला त्या दिवशी कळलं.

नंतरच्या तपासणीला सासू-सुना यवतमाळला गेल्या तेव्हा समीक्षा मॅडमनी, म्हणजे तिथल्या प्लॅस्टिक सर्जरीच्या डॉक्टरणीनं, एक रिकामी पिशवी टेबलावर ठेवली. ही छातीच्या मांसाखाली बसवायची. हिची बारीक नळी काखेखाली एका बटणाला जोडायची, बटणही कातडीच्या आतच. मग काही काही आठवड्यांनी त्या बटणात सुई टोचून थोडं थोडं सलाइनचं पाणी भरायचं. कातडी हळूहळू सैल होते, छाती आकाराला येते. जास्त वाटलं तर तसंच सुईनं काढताही येतं. माप मनासारखं झालं की बटण काढून टाकायचं आणि पिशवी तशीच राहू द्यायची. मग मात्र कमी-जास्त होत नाही.

"देवानं देलेलं कापून घेतलं, अन् आता रबराचं देऊन राह्यले," धनीबाई म्हणाली.

मॅडम हसल्या. ममता हसली नाही. "याडी," ती म्हणाली. तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि ममता सासूलाही तेच म्हणायची. "याडी, मले पायजे हे."

लग्न होऊन आल्यापासून या पोरीनं घरात स्वतःसाठी काही मागितल्याचं धनीबाईला आठवेना. साधी चप्पलसुद्धा नवऱ्यानं, भारतनं, आणली ती घालायची. धनीबाईनं मॅडमकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंग ठेवा बसवून. वाट कोणाची पाहून राह्यल्या?"

पिशवी बसली. पाणी भरायला सुरुवात झाली. ममताची मान वर आली, खांदा मागं गेला. मागच्या खेपेला मात्र सुई आत असतानाच तिनं ओठ चावला आणि म्हणाली, "मॅडम, ओढून राह्यलं." मॅडम थांबल्या. तेव्हा धनीबाईच खुर्चीवरून उठून म्हणाली होती, "भरा वो मॅडम. एक डोंगर अन् एक टेकडी, असं कायले? जोडीचं दिसलं पायजे." मॅडमनी ममताकडे पाहिलं. ममतानं मान डोलावली, ती नेहमी डोलावते तशी. त्या दिवसापासून डाव्या कुशीवर झोपता येत नव्हतं, फळीवरचा डबा काढताना काख ताणत होती. ती दोनदा बोललीही. धनीबाई म्हणाली, "होईन सवय."

हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं. पण पिकअप चालवणाऱ्या भारतला तोंड आवरत नाही. महागावच्या टपरीवर दोस्तांना त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "अबे, मोठं सायन्स हाय ते. कमी-जास्त करता येते." बस. तो पिकअप घेऊन तांड्यात पोचायच्या आधी ती गोष्ट पोचली. चक्कीवर दळण घेऊन गेलेल्या ममताला मागून ऐकू आलं, "मोबाइलच्या आवाजावानी हाय म्हणते. वाढवा, कमी करा." दळण तिथंच टाकून ती घरी आली, आणि भारतला त्या दिवशी आईनं जे ऐकवलं ते इथं लिहिण्याजोगं नाही.

आणि ठराव. तो मागच्या दिवाळीनंतर झाला. आश्रमशाळेत मास्तर असलेल्या इंद्रजितनं तो लिहिला आणि तांड्याच्या तोंडाशी पाटी रंगवली: डीजे, प्री-वेडिंग, ब्युटी पार्लर व इतर फॅशन बंद. यातले 'इतर फॅशन' हे शब्द धनीबाईनंच घालायला लावले होते. उत्तमसिंगच्या नातीला लग्नात पार्लरवालीनं असं काही रंगवलं, की सख्ख्या आजीला नवरी ओळखू आली नाही. "हे नट्टेपट्टे बंद करा," असं नसाबीत मागून ओरडली ती धनीबाई. आता तेच शब्द घेऊन इंद्रजित तिच्या घरावर चालून आला होता. ठराव चुकीचा होता असं तिला अजूनही वाटत नव्हतं. चुकीचा होता तो इंद्रजित.

दुपारी ती निघाली. ममता म्हणाली, "याडी, मी नाई येत. मले लाज वाटते."

"तुले कायची लाज? लाज त्याईले वाटली पायजे. चाल."

मंदिरापुढं बापे जमले होते. भारत एका कडेला मान घालून बसला होता. "तवा तोंड उघडं होतं, आता मान कायले खाली?" असं त्याच्या अंगावरून बोलत धनीबाई बायांच्या ओळीतून सरळ पुढं गेली आणि ओट्याच्या पायरीवर बसली. बाई तिथं बसत नाही. सेवादासनं नायकाकडे पाहिलं, नायकानं आभाळाकडे. ममता मागं बायांमधे उभी राहिली.

इंद्रजित उठला. त्याला शाळेतली भाषा बोलायची सवय. "समाजबांधवहो, कोणाच्याही उपचाराला आपला विरोध नाही. ममतावहिनींचा जीव वाचला याचा आनंदच आहे. पण उपचार संपला. त्यानंतर शरीराच्या त्या विशिष्ट भागाची जी शस्त्रक्रिया झाली, ती केवळ दिसण्यासाठी. आज एकीनं केली, उद्या आपल्या लेकीबाळी..."

"कोणत्या भागाची?" धनीबाईनं विचारलं.

"काकी, मी मर्यादा पाळून बोलतोय."

"थान म्हण. तुयी याडी रोजीनं जाये तवा तू माया अंगावर पिलेला हायस. तवा तुले शब्द येत नव्हता, पण ठिकाण बरोबर सापडत होतं."

बायांमधून हसण्याची लाट उठली. इंद्रजित लाल झाला. "विषय भरकटवू नका. प्रश्न फॅशनचा आहे."

"फॅशनचा हाय ना? मंग तुया डोक्यापासून सुरू करू. कलप कायले लावतो?"

"ते नीटनेटकेपण आहे."

"तुयं ते नीटनेटकेपण, अन् मायी सून करंल तं फॅशन!"

"भोजाई," उत्तमसिंग मधे पडला, "पोराले बोलू द्या. त्याचं म्हणणं इतकंच हाय, का इलाज झाला होता. मंग हे नंतरचं कायले?"

धनीबाई पायरीवरून उठली. हा उत्तमसिंग ती लग्न होऊन आली तेव्हा नाक गळत फिरत होता. त्याचं नाक तिच्या ओढणीनं पुसलेलं. "नायका, तुयी कवळी काढ."

"काय?"

"कवळी काढ, हातात धर अन् मंग बोल. तुया दाताईचा इलाज तं डॉक्टरनं उपटले तवाच झाला होता. नंतरची कवळी कायले बसवली?"

"खायले लागते ना वो!"

"खायले तुयी बायको भाकर कुस्करून देत होती. तू माया अंगणात बसून रडला, का भोजाई, तोंड बसलं, आता नायकावानी दिसत नाई मी. दिसत नाई, म्हणला होतास. आठवते?"

आता बापेही हसले. उत्तमसिंगनं ओठ घट्ट मिटले, जणू कोणी खरंच कवळी हिसकून नेणार होतं. नसाब तिथंच मोडली असती. पण हसू आलं की नायकाला आपलं पागोटं सरकल्यासारखं वाटतं, आणि मग तो काहीतरी निकाल देऊन ते सावरतो. उत्तमसिंगनं सेवादासच्या कानात काही विचारलं, इंद्रजितला जवळ बोलावलं, आणि घसा साफ करून म्हणाला, "हे पाहा. दोन्हीकडचं राह्यलं पायजे. बसवली ते बसवली, आता काढा असं कोणी म्हणत नाई. पण हाय तितक्यावर थांबाचं. यापुढं पाणी भरणं नाई. भरलं तं लग्नकार्यात त्या घरी निवतं जाणार नाई."

सेवादासनं मान हलवली, चार जणांनी 'बराबर हाय' म्हटलं. धुऱ्याच्या भांडणात असाच निकाल होतो: थोडं याचं, थोडं त्याचं, मधे दगड रोवला की झालं.

धनीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या देऊन मोकळं व्हावं असा हा अपमान नव्हता, याला वरून शहाणपणाचा मुलामा होता. काढा म्हणाले असते तर तिनं ओटा डोक्यावर घेतला असता. पण हे लोक दयाळू होऊन बसले होते. पाण्याचं माप ठरवत होते! दारूचं माप ज्याला कधी ठरवता आलं नाही, तो सेवादास माझ्या सुनेच्या अंगात किती पाणी असावं ते ठरवणार!

"ऐका," ती म्हणाली, आणि आवाज एवढा चढला की देवळातला पुजारी बाहेर आला. "बटण अजून हाय तिच्या काखेत. मंगळवारी आमी यवतमाळले चाललो. दुसऱ्याच्या बरोबरीनं भरून आणीन. बरोबरीनं कायले, चार थेंब जास्तच. तुमचं निवतं तुमच्यापाशी ठेवा. मायाशिवाय कोणाच्या लग्नात गाणं म्हणते कोण, ते पाहू."

ती निघाली तशा बायाही पांगल्या. घरी येईपर्यंत तिच्या पायाला धूळ लागली नाही. जिंकल्याचा एक ताठा असतो, तो चालण्यात उतरतो. ममता मागून येत होती. अंगणात आल्यावर धनीबाई वळली. "कशी बोलली मी?"

"चांगल्या बोलल्या," ममता म्हणाली आणि बैलांना कडबा टाकायला गेली.

मंगळवारपर्यंत त्या विषयावर ती याहून जास्त काही बोलली नाही. भारतनं पिकअप काढली. आर्णीच्या पुढं रस्ता खोदलेला होता. प्रत्येक धक्क्याला ममता डाव्या बाजूला हात धरून बसायची. धनीबाईनं ते पाहिलं आणि खिडकीबाहेर नजर वळवली. आज पाहून चालण्यासारखं नव्हतं. आज सगळा तांडा वाट बघत होता.

समीक्षा मॅडमनी तपासलं, काखेखालच्या बटणावरून बोट फिरवलं. "छान बसलंय. आज ठरवायचं. इतकं पुरे असेल तर बटण काढायची तारीख देते. नाहीतर थोडं भरू."

"भरा," धनीबाई म्हणाली.

"काढा," ममता म्हणाली.

मॅडमनी दोघींकडे पाहिलं. "बटण काढू?"

"बटण नाई. पाणी. थोडं पाणी काढा. मागच्या वेळी जास्त झालं."

धनीबाईला आधी आपण ऐकतोय त्यावर विश्वास बसेना. मग तिच्या डोक्यात एकदम सगळं उभं राहिलं: उत्तमसिंगचं दात दाखवून हसणं, सेवादासची हलणारी मान, इंद्रजितची 'शेवटी समाजापुढं' अशी सुरुवात. "डोकं ठिकाणावर हाय का तुयं? भरलेलं काढते? साऱ्या नसाबीत मी छातीठोक सांगून आली. आता तू कमी करून गेली तं काय म्हणतीन? म्हणतीन, ऐकलं नसाबीचं. नायकानं थांबा म्हणलं, हे तं एक पाऊल मागंच गेले."

"म्हणू द्या."

"म्हणू द्या? मायी इज्जत..."

"याडी, तुमी बसा." ममताचा आवाज चढला नव्हता. उलट तो इतका सरळ होता की धनीबाई बोलता बोलता थांबली. "त्याईले दाखवायले मी हे बसवलं नाई. अन् त्याईले हरवायले बी नाई बसवलं. मी न्हाणीत खाली पाहाले पायजे म्हणून बसवलं. आता मी पाह्यते. पण हात वर गेला का ओढते, रात्री झोप नाई, पुढं वेचणी हाय. मागच्या वेळी मॅडमनं मले इचारलं, तवा उत्तर तुमी देलं. चक्कीवर लोक बोलले, ते ऐकलं. नसाबीत बोलले, ते ऐकलं. ते म्हणते थांबा, तुमी म्हणता भरा. सुई कोणाले टोचते?"

धनीबाईच्या तोंडात अख्खा तांडा गप्प करणारे शब्द होते, पण त्यातला एकही इथं चालेना. इंद्रजितला पाजलेलं काढता आलं, उत्तमसिंगची कवळी काढता आली. हिचं काय काढायचं? हिनं उभ्या जन्मात कोणाचं काही घेतलं नव्हतं.

"मंग त्याच दिवशी नसाबीत काहून नाई बोलली?"

"तुमी बोलून राह्यल्या होत्या ना. मधे जागा कोठी होती?"

समीक्षा मॅडम सुई हातात घेऊन उभ्या होत्या. "आजी, आपण बाहेर बसता का?"

"मी कायले बाहेर बसू? मायी सून हाय," धनीबाई फणकारली, पण उठली नाही आणि पुढंही आली नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तिनं नजर लावली. त्यावर गुटगुटीत बाळ होतं. त्या बाळाचाही तिला राग आला.

मागं सुईचा, भांड्याचा आवाज झाला. मॅडम विचारत होत्या, "आता?" ममता म्हणाली, "थोडं अजून." मग, "हात वर करून पाहू?" आणि कपड्याची सळसळ. "हाव. आता नाई ओढत. बस, इतकंच."

"दोन्हीत थोडा फरक दिसेल हं," मॅडम म्हणाल्या.

"दिसू द्या. मले माहीत हाय का कोणतं माया जन्माचं अन् कोणतं नंतरचं."

धनीबाईला राहवलं नाही. तिनं वळून पाहिलं. ममता पलंगावर बसली होती, डावा हात डोक्यावर सरळ उचललेला, शाळेत उत्तर येणाऱ्या पोरीसारखा. तोंडावर हसू असं नव्हतं. पण किती दिवसांत तिचा श्वास असा पूर्ण आत जाऊन बाहेर आलेला धनीबाईनं पाहिला नव्हता. धनीबाईच्या मनानं अजूनही भरायलाच पाहिजे होतं. जोडीचं काही दिसत नव्हतं. हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"बरं, बटण?" मॅडमनी विचारलं. "काढायची तारीख देऊ?"

ममतानं हात खाली घेतला. "आत्ताच नाई. वेचणी होऊ द्या. काम करून पाह्यते, मंग सांगते."

"म्हणजे अजून यायचं?" धनीबाई म्हणाली. "तवर तांड्यात चक्कीवर बोलणं सुरूच."

"बोलतीन."

"अन् उत्तम्या दात काढून हासंल, का नसाबीनं जिंकलं."

"हासू द्या. तुमी सांगा, ममताले जड झालं म्हणून तिनं काढलं. जसं हाय तसं सांगा."

"मी? मी सांगू नसाबीत?"

"आवाज तुमचाच मोठा हाय."

मॅडमनी हसू लपवायला तोंड फिरवलं. धनीबाईनं ओढणी सारखी केली, आपली कापडी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. नायकापुढं उभं राहून 'मी चार थेंब जास्त म्हटलं होतं, तिनं कमी केलं' असं सांगणं हे तिला कवळी काढून हातात धरण्याइतकंच होतं. आणि ते करावं लागणार हेही तिला कळत होतं. कारण नाही सांगितलं तर इंद्रजित स्वतःच्या भाषेत सांगेल, आणि ते तर तिच्या मेलेल्या नवऱ्यालाही सहन झालं नसतं.

"सांगीन," ती म्हणाली. "पण पयले सांगीन का नसाबीचं ऐकून नाई केलं. तुयं ऐकून केलं. अन् कोणी दात दाखवला तं बाकीचं माया भाषेत सांगीन."

"सांगा."

"अन् पुढच्या खेपेले?"

"पुढच्या खेपेले मी एकटी येईन, याडी. भारतसंग."

"एकटी कशी येशीन? तो गाडी लावून टपरीवर बसंल अन् तिथं पुन्हा तोंड उघडंल. मी येईन." धनीबाई दारापर्यंत गेली, कडी काढली, आणि मागं न बघता म्हणाली, "बाहेर बसीन."